'असू दे' म्हणायला लावणारा ससा

"काय रे सशा, तुला स्वतःचं काही मत आहे, की ज्याचा हात आत त्याचंच तोंड?"

शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून चिहारुने सगळ्या बालवाडीसमोर मला हे विचारलं. पोरं खिदळली. मित्रांनो, मी एक जुना टॉवेलाचा ससा आहे, आत हात घालून बोलता करायचा. इथल्या होनामीबाईंनी मला शिवलं, तेव्हापासून जपानमधल्या ओनोमिची गावच्या चढावरल्या या बालवाडीत माझं काम एकच, भांडणं मिटवायची. एकाने म्हणायचं "चुकलं", दुसऱ्याने "असू दे". झालं! मला टाळ्या.

चिहारु शाळेतून आठवडाभर काम शिकायला आली होती. तिच्या अंगात धिटाई नवीनच आलेली, त्यामुळे माझी बडबड नुसती धो धो!

चार वर्षांचा इत्सुकी सोमवारपासून अंगणात चिखलाचा गोळा घोटत होता. कोरडी माती चोळून चोळून त्याने तो काचेसारखा चकचकीत केला. गुरुवारी कानादे म्हणाली, "दे ना बघायला!" त्याने दिला. तिच्या हातून सुटला आणि फुटला.

"चुकलं," कानादे पुटपुटली.

इत्सुकीने ओठ घट्ट मिटले.

"मग शहाणी मुलं काय म्हणतात?" चिहारुने मला नाचवलं. "अ... सू..."

तो फुटके तुकडे गोळा करायला लागला.

"अरे, कानादे थांबलीये ना! म्हण पटकन!"

"असू दे," तो मातीकडे बघत म्हणाला.

"व्वा रे पठ्ठ्या!" आम्ही दोघं ओरडलो.

शुक्रवारी मी "काय इत्सुकीराव!" करत जवळ गेलो, तर तो माझ्या कानाला कडकडून चावला. टाके उसवले. मग चपलांच्या फळीखाली घुसून रडायला लागला, "असू दे नव्हतं! नव्हतंच असू दे!"

चिहारुने हात माझ्यातून काढून घेतला.

होनामीबाई रागावल्या नाहीत. "अगं, 'असू दे' त्याने आपणहून द्यायचं असतं," त्या म्हणाल्या. "आपण उपटून घेतलं. मीसुद्धा किती जणांचं घेतलं असेल, देव जाणे."

मित्रांनो, ते सगळं माझ्याच तोंडून! ज्या टाळ्यांनी मी फुगायचो, त्या आता उसवल्या कानाहून जास्त टोचतात. लहानांना मिळूनमिसळून राहायला जरूर शिकवा, पण आधी त्यांना पोटभर रागावू द्या. जवळ बसा. घाई करू नका.

कान शिवायला चिहारुने मला घरी नेलं. जेवताना ती सूप नुसतं ढवळत होती.

"सूप निवतंय," आई म्हणाली.

"उद्या मैत्रिणींबरोबर बोटीने जायचंय ना? लवकर ऊठ," बाबा म्हणाले.

चिहारुने वाटी खाली ठेवली.

"आई, बाबा, मी बोटीने जात नाहीये. बालवाडी शनिवारी उघडी असते. मी इत्सुकीला 'माझं चुकलं' म्हणायला जाणार आहे. ससा न घेता. आणि तो 'असू दे' म्हणाला नाही ना, तरी मी तिथेच बसणार."