कमानीचं पाणी

"हालू नको गो."

"मी कुठं हालते? हसू येतं, तेच्यानं पोट हालतं."

"मग हसू नको."

मोखाड्याच्या वेशीपाशी, मंगळू लोहाराच्या भट्टीपुढे टिपणीस रावसाहेबांची फटफटी उभी होती. तिच्या बाजूला जोडलेल्या पत्र्याच्या डोलीत मंगळूची बायको गौराबाई ऐसपैस बसली होती. मंगळू स्वतः डोलीखाली पोटावर आडवा पडला होता आणि डोलीचं बूड नि चाकाचा आस यांच्या मधल्या फटीत बोटं घालून बघत होता. जेमतेम दोन बोटं गेली. म्हणजे डोलीखालची पाट्यांची कमान मऊ होती, चांगली मऊ होती. मग ती कडक झाली, पुन्हा कडक झाली, असं सांगत रावसाहेब सारखे का येत होते?

टिपणीस रावसाहेब म्हणजे जव्हार संस्थानच्या सडका राखणारे ओव्हरसियर. लढाईवरून परतलेली ही फटफटी त्यांनी मुंबईहून आणली, ती घरच्या बाईसाहेबांसाठी. बाईसाहेबांना खोकल्याचं दुखणं जडलं होतं. त्यांना आठवड्याच्या आठवड्याला जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं, आणि मधली सडक तर अशी की राखणाऱ्यालाच तिची लाज वाटावी. डोलीला मुळात ज्या स्प्रिंगा होत्या त्या गोऱ्या शिपायांच्या वजनाच्या. त्यांच्यावरून प्रत्येक धोंड्याचा दणका थेट बाईसाहेबांच्या बरगडीत जाई. तेव्हा दिवाळीच्या सुमारास रावसाहेबांनी एका मोडक्या टांग्याच्या कमानीचे पाटे मंगळूपुढे आणून टाकले आणि म्हणाले, "हिला दणका लागणार नाही अशी कमान करून दे."

मंगळूने जीव ओतून ती केली. बाईसाहेब तेव्हा मापाला स्वतः येऊन बसल्या होत्या. गौराबाईसारख्याच भरल्या अंगाच्या, हसऱ्या. पाटे काढून, घालून, घासून मंगळूने असा मेळ साधला की त्या बसल्यावर खाली चार बोटं जागा उरावी, ना कमी ना जास्त. वेशीपर्यंत फेरी मारून आल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "अगबाई, पाळणाच की!" त्यानंतर कितीतरी दिवस मंगळूचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि मग हे सुरू झालं. कमान कडक झाली म्हणून एक पाटा काढला. पुन्हा कडक झाली म्हणून दुसरा काढला. आता शिमगा तोंडावर आला तरी रावसाहेबांचं रडगाणं तेच. मंगळूचं डोकं चालेना. अहो, लोखंड वापरून बसतं! गाडीचा पाटा बसतो, दाराची बिजागरी बसते, चुलीवरचा तवासुद्धा मध्ये खोलगट होतो. वापरून वापरून ताठ होत जाणारी एकच वस्तू त्याच्या माहितीत होती, ती म्हणजे सासू. पण गौराबाईच्या देखत ते बोलायची सोय नव्हती.

"पाणीच जास्त झालंय, दुसरं काय," दगडावर टेकलेला सावळा म्हणाला. पोशेऱ्याहून तो शेतात जाळायच्या राबासाठी फांद्या तोडायचे कोयते घेऊन आला होता, साऱ्या पाड्याचे. त्याची जीभ त्या कोयत्यांपेक्षा धारदार होती. "तेवढं माझ्या कोयत्यांना बेतानं पाणी दे रे बाबा. नायतर पयल्याच फांदीला तुकडं."

मंगळूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण बोल वर्मी लागला. तापल्या लोखंडाचा रंग बघायचा, नेमक्या घडीला ते पाण्यात बुडवायचं, तेवढी घडी चुकली की लोखंड वाया. त्याच्या बापाचं असंच झालं होतं. एका वर्षी म्हाताऱ्याचे डोळे मंदावले, रंग कळेनासा झाला, दोनचार कोयते तुटले, आणि 'लोहाराचं पाणी उतरलं' अशी हाकाटी पाड्यापाड्यांत झाली. पुढची सगळी वर्षं म्हातारा अंगणात कोंबड्या हाकत बसून राहिला. हल्ली मंगळूला भट्टीतला तांबडा रंग दिसायला कधी कधी वेळ लागे. हे त्याने गौराबाईलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून आज त्याने हट्ट धरला होता. "रावसाहेब, एक डाव बाईसायबांनाच बसवून बघू द्या. मग काय ते सांगतो." गाडी त्याच्यापाशी सोडून रावसाहेब त्यांना आणायला गेले होते.

ते दोघं सडकेने येताना दिसले तशी गौराबाई लगबगीने डोलीतून उतरली. रावसाहेब पुढे चालत आणि दर थोड्या वेळाने थांबत. मागून बाईसाहेब, एवढ्या उन्हात शाल गुंडाळून, तोंडावर पदर. मंगळूने रीतीप्रमाणे मान खाली घातली आणि पुन्हा डोलीखाली शिरला. फटीपाशी हात नेऊन तो वाट बघू लागला. कोणी बसलं की कमान कुरकुरते, पाटा पाट्यावर घासतो, बूड खाली येतं.

काहीच झालं नाही. तो थांबून राहिला. वर अवघडलेल्या असतील, चढताना दम लागत असेल.

"बसा बाईसायेब," शेवटी तो खालूनच म्हणाला. "भिऊ नका. काय नाय होत."

"अरे, केव्हाची बसलेय," वरून आवाज आला.

मंगळूने फटीत बोटं घातली. चार गेली. मग त्याने अख्खी मूठ घातली, तीही कुठे न टेकता आत गेली. आत्ताच गौराबाईखाली हीच कमान दोन बोटांवर आली होती. हीच! म्हणजे कमान कडक नव्हती. पाणी चुकलं नव्हतं, डोळे शाबूत होते, हात शाबूत होता! आनंदाने त्याला तिथेच हसू फुटलं. सावळ्याला इथे खाली ओढून म्हणावं, बघ लेका, ये इकडे, घाल हात!

तेवढ्यात डोलीच्या काठावर टेकलेला बाईसाहेबांचा हात त्याला खालून दिसला. बांगड्या निसटू नयेत म्हणून मनगटाशी दोऱ्याने बांधल्या होत्या.

मंगळूचं हसू तोंडातच राहिलं. आपण कशावर हसलो ते कळून त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की बाहेर यायचा धीर होईना. देवा, पाणीच उतरलं असतं तर काय बिघडत होतं? दोन कोयते तुटले असते, एवढंच ना!

"काय रे, सापडलं का काही?" रावसाहेबांचा आवाज. "डॉक्टर म्हणतात औषध चांगलं आहे. या दणक्यांनीच हिची भूक मेलीय बघ. ते थांबले की हिला अन्न गोड लागेल. बोल ना, काय आहे?"

मंगळू बाहेर आला. रावसाहेब त्याच्या तोंडाकडे बघत होते, पोरं परीक्षेच्या दिवशी मास्तरकडे बघतात तसे. पलीकडे सावळा कान टवकारून बसला होता. गौराबाई बाईसाहेबांपाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. बाईसाहेबांनी तोंडावरचा पदर जरासा सारला आणि तेवढ्यापुरतं मंगळूकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या फक्त तो काय बोलतो याची वाट पाहत होत्या.

"माजंच चुकलं, रावसायेब," मंगळू म्हणाला. "पाणी जास्त चढलं. डोळं पयल्यासारखं ऱ्हायलं नाय आता. रंग कळत नाय."

रावसाहेब रागावतील असं सावळ्याला वाटलं असावं, तो पुढे सरकलाही. पण रावसाहेब चक्क हसले. किती तरी दिवसांनी हसले.

"ऐकलंस?" ते बाईसाहेबांकडे वळून म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? कमानच कडक आहे!"

"हो ना," बाईसाहेब म्हणाल्या. "कमानच."

उद्या गाडी न्यायला येतो म्हणून सांगून रावसाहेब त्यांना घेऊन हळूहळू निघाले. ते सडकेला लागले तसा सावळा उठला, खाकरला आणि एकेक कोयता पुन्हा घोंगडीत बांधू लागला.

"जव्हारला जाणं हायच," तो मंगळूकडे न बघता म्हणाला. "तिकडंच दाखवीन म्हणतो."

एरवी गिऱ्हाईक असं उठून चाललं असतं तर गौराबाईने त्याला वेशीपर्यंत शिव्या घातल्या असत्या. आज ती मुकाट्याने भात्याशी जाऊन बसली. सावळा दिसेनासा झाला तेव्हा तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आता आनिक किती पातळ करशील? आन् मापाला बसवशील कोनाला? माझं वजन तर चालायचं नाय."

मंगळूने कमानीचे खिळे सैल करायला घेतले. अंगणात त्यांची आठ वर्षांची धाकटी नात गोवऱ्या रचत होती.

"धाकलीला हाक मार," तो म्हणाला.