गुणाबाईने चावलेले तांदूळ

गुणाबाईच्या छातीतली गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी कापून काढली आणि वर इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या इंजेक्शनानंतर तिला वाटलं, यापेक्षा गाठ परवडली. जीभ, गाल, हिरड्या, सगळं आतून सोलून निघालं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. नर्सबाईंनी तोंडात जांभळं औषध लावलं आणि बजावलं, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरायच्या, गार आणि पातळ खायचं, तिखट नाही, कडक नाही. आणि सोमवारी पुढच्या सुईला यायचंच. मधेच सोडलं तर दुखणं उलटेल. हे ऐकायला नवरा हिरामण शेजारीच उभा होता, मान हलवत.

शेलार गावी, घरी हे पथ्य पाळणं सोपं नव्हतं. गुणा पेज निववत बसली की जाऊ सोनी सुकटीची चटणी वाटता वाटता विचारायची, "महाराणीची पेज निवली का गो?" चुळांचा आवाज ऐकून सासू ठकुबाईला मळमळायचं. गुणा ऐकून घ्यायची. उलट बोलायला तोंडच कुठं होतं? तिला जगायचं होतं, म्हणून सोमवारपर्यंत कसंही करून दिवस ढकलायचे होते.

तेवढ्यात सोनीच्या कानातल्या बुगड्या हरवल्या. सोनी म्हणजे विहिरीवर घागर विसरून रिकाम्या हातानं घरी येणारी बाई. पण सोनं हरवलं असं कोण म्हणतो? सोनं नेहमी चोरीलाच जातं. ठकुबाईनं चिंधू भगताला बोलावणं धाडलं.

गावाची रीत जुनी होती. भगतानं मंतरलेले कोरडे तांदूळ एकेकानं चावायचे आणि पानावर थुंकायचे. खऱ्याचे तांदूळ ओले, पांढरे पडतात. चोराचे कोरडे राहतात, नाहीतर रक्त घेऊन बाहेर येतात. ठकुबाईला दात नव्हते म्हणून माफी मिळाली. सोनीनं कराकरा चावले आणि पांढरा लगदा थुंकून ऐटीत बाजूला झाली.

गुणाची पाळी आली. "भिजवून द्या," ती कशीबशी म्हणाली.

"भिजवलेल्या दाण्यात देव ऱ्हात न्हाय," चिंधू म्हणाला.

गुणानं हिरामणकडे पाहिलं. भिवंडीला लूमवरची शिफ्ट करून तो नुकताच आला होता. तोंड कशानं सोललंय, हे या घरात त्यालाच ठाऊक होतं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं.

"चाव ना गो," तो म्हणाला. "दोन दानं तं हायेत. न्हाय चावलंस तं लोक काय बोलतील?"

असल्या माणसाला भित्रा म्हणणं म्हणजे भित्र्यांची बेअब्रू करणं आहे.

गुणानं चावले. प्रत्येक दाणा काचेसारखा रुतला. पानावर पडलं ते लालभडक होतं. सोनीनं टाळी पिटली. चिंधूनं देवाला हात जोडले आणि स्वतःच्या मानाची कोंबडी मागून घेतली.

"आता कबूल हो," ठकुबाई म्हणाली. "कबूल झालीस तं हिरामण तुला सोमवारी सुईला न्हेल. चोरटीला कोन न्हेतो?"

गुणानं विचार केला. चोर म्हणवून घेऊन जगता येतं, मेल्यावर काहीच येत नाही. तिनं मान हलवली. हो, मीच घेतल्या.

"कुठं ठेवल्यास?"

याचा विचार तिनं केला नव्हता. घाबरून तिनं गोठ्याकडे बोट केलं. गोठा खणला गेला. काही निघालं नाही, तेव्हा तिनं चुलीमागची जागा दाखवली, मग परसातली. दरवेळी तिला वाटे, निदान आता तरी हे थकतील. दरवेळी तेच म्हणत, बाई किती लबाड आहे बघा.

सोमवारी सकाळी एस.टी. हॉर्न देत रस्त्यावरून निघून गेली. हिरामण उकिरडा उपसत होता, घामानं निथळत. त्यानं कुदळ टेकवली.

"हितं बी न्हाय. नीट आठव गो," तो अगदी मायेनं म्हणाला. "बुगड्या गावल्या की लगेच निघू."

गुणानं तोंडातलं रक्त गिळलं आणि चिंचेखालची जमीन दाखवली.