पाच नंबरच्या कोठडीतलं नाव

सन व्हॅलीतल्या त्या गोदामात खरं लोखंड फार थोडं होतं. कोठड्यांचे गज लाकडाचे, वरून करडा रंग. दार आपटल्याचा आवाज मागाहून चढवायचा. भिंती मात्र बघणाऱ्याच्या अंगावर यायच्या, आणि त्या सेट रंगवणाऱ्या व्हर्डेलच्या हातच्या होत्या. चहाचं पाणी, काजळी, मेण असं काय काय चोळून ती कालच्या प्लायवूडला चाळीस वर्षांची कळा आणायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः नऊ वर्षं बायकांच्या जेलमध्ये काढून आली होती.

गोदामाचा मालक ह्रांत हे लाकडी जेल भाड्यानं द्यायचा. मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बायकांच्या तुरुंगावरची एक गाजलेली मालिका. मालिकेला सुट्टी पडली की गाण्यांचे व्हिडिओ करणारे यायचे, नाहीतर ब्लू फिल्मवाले. त्या भागात त्याचं कुणाला नवल नव्हतं. शेजारच्या शेडमध्ये सोफे बनत, पलीकडच्या शेडमध्ये तसले सिनेमे बनत, आणि दुपारी सगळे एकाच गाडीवर टाको खायला उभे राहत. टीव्हीवर जे गाजेल, तेच दोन महिन्यांनी कपडे उतरवून विकायचं, हा त्यांचा धंदा. म्हणून त्यांना जेल हवं ते हेच, मालिकेतलंच.

भिंतींवर कैद्यांनी कोरलेली नावं दाखवायची असत. ती कुणा खऱ्या माणसाची असून चालत नसत; वकिलांनी तपासलेली यादी यायची आणि व्हर्डेल त्यातली नावं खिळ्यानं ओरखडायची. तीन वर्षांपूर्वी पाच नंबरच्या कोठडीत यादी संपली, हातातला खिळा मात्र थांबला नाही. खिडकीखाली तिनं लिहिलं, ‘अर्नेस्टीन ब्रूसार्ड’.

अर्नेस्टीन सहा वर्षं तिच्या खालच्या पलंगावर झोपली होती. ती आतच गेली. सरकारनं पुरलं तेव्हा दगडावर नावाऐवजी आकडा घातला. तिची मुलगी जोनेल तेव्हा दहा वर्षांची होती. आता ती बेकर्सफील्डला राहायची आणि दर गुरुवारी मालिका लावून पाच नंबरची कोठडी आली की चित्र थांबवायची. मग व्हर्डेलला फोटो यायचा. जोनेलची दोन पोरं टीव्हीला नाक लावून उभी, खाली लिहिलेलं, “आजीचं नाव बघतायत, मावशी.”

त्या शुक्रवारी मार्गो सेट बघायला आली. ब्लू फिल्मची दिग्दर्शिका, पन्नाशीची, बोलायला मोकळी. पाच नंबरमध्ये शिरली ती सरळ खिडकीखाली वाकली.

“हीच ती! ह्या बाईनं लोकांना वेड लावलंय, ठाऊक आहे?”

“कुठल्या बाईनं?” व्हर्डेलनं विचारलं.

“ह्या अर्नेस्टीननं! मालिकेत कुणी तिचं नाव घेत नाही, पण भिंतीवर ती दर भागात. कुणी म्हणतं पळाली, कुणी म्हणतं मेली. लोक इंटरनेटवर भांडतायत. आम्ही तिलाच नायिका केलीय. ती आणि रात्रपाळीचा शिपाई.”

व्हर्डेलनं हातातला ब्रश खाली ठेवला. “शिपाई?”

“जेल म्हटलं की शिपाई आलाच की. लोकांना तेच हवं असतं. आणि घाबरू नकोस, मी जबरदस्ती दाखवत नाही. आमच्या गोष्टीत तीच त्याला बोलावते.”

मार्गोनं हे चांगल्या मनानं सांगितलं. व्हर्डेल मात्र तिथून उठून पाठीमागच्या नळावर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. तीच त्याला बोलावते. ह्याच शब्दांत जेलच्या साहेबानं कागद रंगवला होता. अर्नेस्टीननं रात्रपाळीच्या शिपायाविरुद्ध जबरदस्तीची तक्रार दिली, तेव्हा तिला एकांतकोठडीत टाकलं. दम्याचं औषध पलंगावरच राहिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. आणि साहेबानं वरच्या पलंगावरच्या बाईला, म्हणजे व्हर्डेलला, बोलावून विचारलं, तू काय पाहिलंस? व्हर्डेलची सुटका चार महिन्यांवर आली होती. ती म्हणाली, “मी झोपले होते, साहेब.”

जोनेलला तिनं इतकंच सांगितलं होतं, की तुझी आई दम्यानं गेली.

रविवारी पकोईमाच्या चर्चमध्ये व्हर्डेल नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली. पास्टर लेमन्सनी बायबलातल्या हागारचं आख्यान लावलं होतं. सुरुवात अगदी हळू, ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशी. मग एकेक वाक्य सुरावर चढू लागलं, मागे ऑर्गन त्याला जाब देऊ लागला. मालक तिला म्हणतो दासी! मालकीण म्हणते दासी! त्या घरात तिला नावानं हाक नाही! “सांगा, पास्टर!” म्हणून मागच्या बाया उठल्या. पास्टरांनी रुमालानं कपाळ टिपलं, आवाज पार फाटेपर्यंत वर नेला आणि गाऊन सांगितलं, की वाळवंटात पाणी संपलं, बाई एकटी बसली, तेव्हा देवाच्या दूतानं तोंड उघडलं आणि पहिला शब्द काढला तो तिचं नाव. हागार!

सगळं चर्च उभं राहिलं. व्हर्डेलला उभं राहवेना. देव जे नाव स्वतःच्या ओठांनी घेतो, त्या नावाचं आपण काय करून ठेवलं? शेजारच्या म्हाताऱ्या सिस्टर ओडेलनी काही न विचारता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि प्रवचन संपेपर्यंत तो उचलला नाही.

सोमवारी सकाळी ती ह्रांतच्या टेबलापुढे उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “पाच नंबरमधलं नाव यादीतलं नाही. खऱ्या बाईचं आहे.”

ह्रांतनं कॉफीचा कप खाली ठेवला. “चेष्टा करतेस.”

“नाही.”

“व्हर्डेल जान! घर बुडवलंस माझं! मालिकेचे चार भाग बाकी आहेत, त्यांना भिंत जशीच्या तशी लागते. तीन वर्षं गप्प बसलीस, आणखी चार आठवडे बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“मार्गो तिच्या नावानं सिनेमा करतेय.”

 ह्रांतनं स्वतःच मार्गोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. खरं नाव म्हटल्यावर तिकडून आधी एक शिवी आली, मग मार्गो म्हणाली, “नाव काढते. शुक्रवारीच सांगायचं होतंस ना, बाई. मी असं मुद्दाम करीन का?”

“मालिकावाले तुला इथे राहू देणार नाहीत,” फोन ठेवून ह्रांत म्हणाला. “मी भांडेन, पण ऐकणार नाहीत.”

“माहीत आहे मला.”

“मग जा, लिंपून टाक.”

“आधी एक फोन करायचाय,” व्हर्डेल म्हणाली.

गोदामामागच्या पायरीवर बसून तिनं जोनेलला फोन लावला. सिनेमाचं सांगितलं. मग शिपायाचं. मग औषधाचं. आणि शेवटी, ज्यासाठी तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं, ते. “साहेबानं विचारलं तेव्हा तिच्यासाठी मी एक शब्द बोलले नाही, पोरी. मी जागी होते.”



“नावाला हात लावू नकोस,” जोनेल म्हणाली. “मी येतेय.”

दोन तासांनी ती आली. व्हर्डेलजवळून सरळ आत गेली. ह्रांतनं तिला पाच नंबर दाखवला आणि काय करावं ते न सुचून एक खुर्ची आणून ठेवली. जोनेल बसली नाही. खिडकीखाली वाकून तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. “टीव्हीवर मोठं दिसतं,” ती म्हणाली. मग हात पुढे केला. व्हर्डेलनं तिला खरवडायचं पातं दिलं.

जोनेल खरवडू लागली. प्लायवूडचा पांढरा भुसा तिच्या बुटांवर पडत होता. आडनाव गेलं, मग तिनं मागे न बघता विचारलं, “त्या शिपायाचं नाव काय होतं?”

व्हर्डेलनं सांगितलं.

“आणि तुला विचारणाऱ्या साहेबाचं?”

तेही सांगितलं.

“हे तू वकिलापुढे सांगशील? शपथेवर?”

“सांगीन.”

“सगळं? तू गप्प बसलीस तेही?”

“तेच आधी सांगीन,” व्हर्डेल म्हणाली.

जोनेलनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माफी नव्हती. व्हर्डेलनं ती मागितलीही नव्हती. जोनेल बाजूला सरली आणि खिडकीखाली दुसऱ्या माणसापुरती जागा केली. व्हर्डेल गुडघे टेकून तिच्याशेजारी बसली, आणि उरलेली अक्षरं दोघींनी मिळून काढली.