बारावा खण

बारा गाईंपैकी अकरा दिवसभर उभ्या राहत. बारावी बसे.

गवंडी लालमहंमद सिमेंटचे पोते घेऊन गोठ्याच्या दारात आला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पोटभर खाल्लेल्या गाईने पाय दुमडून रवंथ करण्याची ही वेळ. दूध संस्थेच्या नव्या गोठ्यात मात्र अकरा गाई गव्हाणीवर मान टाकून, मागचे पाय आळीपाळीने हलके करीत उभ्या होत्या. पार शेवटच्या खणातली तांबडी तेवढी खाली बसून डोळे मिटून रवंथ करीत होती.

"ह्या अशा का उभ्या, चांगुणाबाई?"

"तुमीबी मलाच इचारा, मामू." चांगुणाने शेणाची पाटी कमरेवर घेतली. "दूध का घटलं म्हणून चेअरमन मला इचारतात, डाक्टर मला इचारतात. म्या काय त्यांना उभं ऱ्हा म्हणून सांगितलंय व्हय?"

लालमहंमद हसला आणि कामाला लागला. गाई उभ्या का, हा त्याचा प्रश्न नव्हता. त्याचा प्रश्न बारावा खण होता.

अणदूरपासून दोन कोसांवरच्या या गावातली निम्मी जनावरे बहात्तरच्या दुष्काळात छावणीतून परत आलीच नाहीत. पुढे सात वर्षांनी संस्थेने संकरित गाई आणल्या आणि त्यांच्यासाठी पक्का गोठा बांधला. चरायला कुरण उरले नव्हते, म्हणून गाई रात्रंदिवस दाव्याला. कडबा खायलाच पुरत नव्हता, तो अंथरायला कोण घालणार? कचेरीतून आलेल्या नकाशावर लिहिले होते, 'जमीन पक्की व धुता येण्याजोगी असावी.' लालमहंमदने हे वाक्य आपल्या पद्धतीने वाचले. बापाकडून शिकलेली त्याची परीक्षा एकच होती: जमिनीवर दिवा ठेवला की खाली दुसरा दिवा दिसला पाहिजे. अकरा खण त्याने कोऱ्या सिमेंटची पूड शिंपडून, थापीने घोटून घोटून असे केले की चेअरमन श्रीमंतराव पाहुण्यांना सांगत, "आमच्या गाई सकाळी उठून तोंड बघत्यात त्यात." मग परमिटावरचे सिमेंट संपले. बारावा खण खडबडीतच राहिला, आणि गोठा पाहायला कोणी आले की लालमहंमद त्या खणापुढे उभा राहून तो झाकीत असे.

आता सिमेंट आले होते. तांबडी बाहेर लिंबाखाली बांधली गेली. दोन दिवस लालमहंमदने बारावा खण घोटला, आठ दिवस त्यावर ओली पोती ठेवली. नवव्या दिवशी तांबडी आपल्या जागी आली.

त्यानंतर चौथ्या दिवशी चांगुणा त्याच्या घरासमोर येऊन उभी राहिली.

"मामू, तांबडीबी बसंना."

"मग डॉक्टरला सांग की."

"सांगितलं. ते म्हणतात, ताप न्हाय, भूक हाय, शेण बरं हाय. मला आजार सापडत न्हाय म्हणतात. चेअरमनला सापडलाय. ते म्हणतात, ही एकच धड व्हती, तीबी बाईनं बिघडिवली. शुक्रवारच्या बैठकीत मला काढणार हायेत."

लालमहंमदला या बाईचे मागचे ठाऊक होते. दुष्काळात येरमाळ्याच्या रस्त्यावर तिने दोन वर्षे खडी फोडली होती. नवरा त्याच साली गेला. संस्थेच्या हजेरीपटावरचे नाव ही तिच्या आयुष्यातली पहिली पक्की गोष्ट होती. या गाईंना ती पहाटेपासून धुई, घासे, एकेकीशी भांडे. तिच्या हातून जनावर बिघडेल, हे लालमहंमदला पटेना. पण न पटणे म्हणजे पुरावा नव्हे, आणि बैठकीला दोनच दिवस होते.

बुधवारी दुपारी तो गोठ्यात गेला. गाय तीच होती, चारा तोच, पाणी तेच, बाईही तीच. बदलले होते ते फक्त त्याचे दोन दिवसांचे काम. हा हिशेब त्याला मुळीच आवडला नाही.

तो बाराव्या खणासमोर उकिडवा बसून राहिला. तासाभरात तांबडीने सहा वेळा बसायचा विचार केला. पुढचे गुडघे टेकले, की मागचे खूर चार बोटे सरकत. ती दचकून पुन्हा उभी राही. सातव्यांदा तिने विचारही केला नाही. जिथे खूर सरकले होते तिथे घोटलेल्या सिमेंटवर नखाने ओढावेत तसे पांढरे ओरखडे होते. तसेच ओरखडे शेजारच्या खणात होते. त्याच्या शेजारीही होते. इतके दिवस त्याने जमिनीची चमक पाहिली होती, जमीन पाहिली नव्हती.

चांगुणाने नुकतीच जमीन धुतली होती. लालमहंमदने चपला काढल्या, दोन्ही हात-गुडघे ओल्या जमिनीवर टेकले आणि गाय उठते तसा, आधी मागची बाजू उचलून, उठायचा प्रयत्न केला. पाय सटकले. हनुवटी गव्हाणीच्या कठड्यावर आपटली.

"अगं बया!" चांगुणाने पदर तोंडाला लावला. "मामू, तुमी दूध किती देता?"

"आटलोय," हनुवटी चोळत लालमहंमद म्हणाला. "उद्या तांबडी भाईर बांध. आन् पाचव्या खणातली पांढरीबी."

"का?"

"काम हाय."

गुरुवारी सकाळी तो छन्नी-हातोडी घेऊन आला. चमकत्या जमिनीवर छन्नी धरल्यावर त्याचा हात थोडा वेळ उचललाच गेला नाही. मग त्याने पहिला घाव घातला. तीन-तीन बोटांच्या अंतराने आडव्या आणि उभ्या चिरा पाडल्या. गाईच्या खुराला लागू नयेत म्हणून चिरांच्या कडा विटेच्या तुकड्याने घासून बोथट केल्या. बारावा खण झाल्यावर त्याने पाचवाही तसाच फोडला. एका गाईवरून काही ठरत नाही, असे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. पण एका भिंतीला लावून ओळंबा खरा की खोटा हे कळत नाही, एवढे त्याला ठाऊक होते. बाकीच्या दहा खणांना त्याने हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी बैठकीआधी श्रीमंतराव गोठा पाहायला आले. सोबत पशुवैद्यक विरुपाक्ष होते. दारातच श्रीमंतराव थबकले.

"लालमहंमदभाई! ही नासधूस कुणी केली?"

"म्या."

"येड लागलंय का तुमाला? महिनाअखेरीला जिल्ह्याचे साहेब येणार. संस्थेच्या हापिसाच्या जमिनीचं काम तुमालाच द्यायचं ठरलंय. स्वतःचं काम फोडणाऱ्याला कोण काम देईल?"

"न्हाय दिलं तर न्हाय दिलं. साहेब, जरा तिकडं बघा."

श्रीमंतरावांनी पाहिले. दहा गाई उभ्या होत्या. पाचव्या खणातली पांढरी बसली होती. बाराव्या खणातली तांबडी बसली होती, आणि ज्या ढंगात ती रवंथ करीत होती त्यावरून आपल्याविषयी बैठक आहे याची तिला काही फिकीर दिसत नव्हती.

विरुपाक्ष पाचव्या खणात वाकले. चिरांवरून तळहात फिरवला, मग चौथ्या खणाच्या गुळगुळीत जमिनीवरून. चौथ्या खणातल्या गाईचे मागचे सांधे दाबून पाहिले. ते सुजलेले होते.

"कधी बसल्या?"

"काल दिवस मावळायच्या आधी," चांगुणा म्हणाली. "दोघी येकदमच. म्या म्हटलं, मेल्या का काय!"

"आणि मी महिनाभर कॅल्शियम देतोय," विरुपाक्ष कोरडेपणाने म्हणाले.

श्रीमंतरावांनी चपलेचे टोक एका चिरेवरून फिरवून पाहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. बाई राहील. बाकीचे दहा खणबी फोडून टाका. बैठकीच्या वहीत लिवा, डाक्टर, की जमिनीत दोष आढळला."

"दोष आढळला न्हाय," लालमहंमद म्हणाला. "दोष म्या केला. कुणाचा ते लिवा. न्हाय तर उद्या पुन्हा बाईचं नाव निघंल."

"अवो, तुमचं नाव कशाला खराब करता? तालुक्यात तुमच्यासारखी जमीन दुसरा घोटत न्हाय."

"म्हणून तर. दुसऱ्यानं घोटली असती तर गाई बसल्या असत्या."

विरुपाक्षांनी वही गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली. लिहून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचून दाखवले:

'गाई आजारी नव्हत्या. गोठ्याची जमीन लालमहंमद गवंडी यांनी घोटून गुळगुळीत केली होती. बसताना व उठताना गाईचा भार मागच्या खुरांवर येतो. ओल्या गुळगुळीत जमिनीवर खूर धरत नव्हते, म्हणून गाई बसत नव्हत्या. सतत उभ्या राहिल्याने सांधे सुजले व दूध घटले. कारण लालमहंमद यांनीच शोधले. यात चांगुणाबाईंचा काही संबंध नाही.'

लालमहंमदने लेखणी घेतली आणि त्याखाली उर्दूत, सावकाश, सही केली.