दहाचाकीचं इरलं

भोंगवलीचा हनुमंत ट्रक असा हाणायचा, की त्यानं गावात हॉर्न दिला तर ट्रक आधी कापूरहोळला पोचायचा आन् हॉर्न मागनं धापा टाकत यायचा! खोटं वाटत असंल तर कापूरहोळच्या चौकात इचारा. तिथली कुत्री अजूनबी त्याचा ट्रक दिसला की आधी रस्ता सोडतात, मग भुंकतात.

ट्रक काय त्याचा न्हवता. गावच्या शेतकरी गटाचा, दहा चाकांचा. भोर-वेल्ह्याचा तांदूळ वाशीच्या बाजारात न्यायचा. पण सात वर्सं स्टेअरिंग हनुमंताच्या हातात. लेकराला न्हाऊ घालावं तसा ट्रक धुवायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडं कवा असं बघितलं न्हाई!"

एका सकाळी गटाच्या अध्यक्ष मंगलताई त्याच्या ओसरीवर येऊन बसल्या. संगट भोरचे लियाकतचाचा, पस्तीस वर्सं ट्रक चालवलेले. मंगलताईंनी चहा नको म्हणलं. तवाच हनुमंताच्या आईनं, फुलाबाईंनी, वळखलं. कायतरी बिनसलंय.

"हनुमंता, तू लग्नाला गेल्तास तवा चाचांनी आपला ट्रक वाशीला नेऊन आणला. तेवढीच पोती, तोच रस्ता. डिझेल लागलं अठ्ठ्याहत्तर लिटर. तुला दर खेपंला शहाण्णव लागतंय. वरचं अठरा लिटर कोण पितंय रं?"

"म्हंजी म्या चोर?" हनुमंत ताडकन उठला.

"चोर कोण म्हणलं? पर गटानं ठरवलंय. उद्याची खेप ऐंशी लिटरच्या आत आणलीस तर चावी तुझी. न्हाईतर चावी चाचांकडं."

चाचा मान खाली घालून बसले व्हते. त्यास्नी कुठं कुणाचा घास हिसकायचा व्हता!

"आवं, चाचा तर बैलगाडी चालवत्यात! काटा पंचावन्नच्या वर जात न्हाई. उद्या बघाच, म्या ऐंशी-पंच्याऐंशीनं सोडतो. खेप लवकर संपली की इंजिन कमी येळ चालंल. मग डिझेल कमीच लागंल की!"

मंडळी, तुमाला-आमालाबी असंच वाटतंय ना? फुलाबाईंना मात्र हसू फुटलं. त्या उठल्या आन् माळ्यावरनं इरलं काढलं. मार्गासनीच्या माहेरनं आणलेलं, बांबूच्या काड्यांचं आन् पानांचं. तिकडं पावसात भात लावताना बाया डोक्यापासनं पाठीवर घेत्यात ते.

"घाल हे. त्या आंब्यापतूर चालत जा."

"आये, पाऊस कुठं हाय?"

"घाल म्हणते ना!"

हनुमंत गेला, आरामात आला. "मग?"

"आता पळत जा."

हनुमंत सुटला. धा पावलं गेला न्हाई, तर इरल्यात वारा भरला. पाय पुढं आन् इरलं मागं! आंब्यापतूर पोचेस्तवर त्याची जीभ बाहेर आली. माघारी येताना तर वाऱ्यानं त्याला उचलून मेथीच्या वाफ्यात आपटलं. इरलं उडालं, ते म्हणं रायरेश्वराच्या डोंगराला टेकून माघारी आलं!

"मरतो आता! पाणी दे!" हनुमंत मेथीतनं बोलला.

"का रं? पळत लवकर पोचलास की! मग जास्त का दमलास?"

आता लियाकतचाचा बोलले. "बेटा, ट्रकचं थोबाड म्हंजे हेच इरलं. सपाट, रुंद. वेग दुप्पट केलास की वारा दुप्पट न्हाई, चौपट अडवतोय. तुझं डिझेल तांदूळ वढत न्हाई रं, वारा ढकलतंय! वर तू पळत जाऊन टोलपाशी कचकन ब्रेक मारतोस. जेवढा पळालास, तेवढं ब्रेकात घातलंस."

हनुमंतानं मेथीची पानं तेवढी कानावरनं झाडली.

दुसऱ्या दिवशी कापूरहोळजवळच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून तो निघाला. काटा पंचावन्नवर. पाय शिवशिवत व्हता, जसा काय कुणी गुदगुल्या करतंय! एक लालबुंद ट्रक भर्रकन पुढं गेला आन् त्याचा ड्रायव्हर वरडला, "काय पाव्हणं, म्हैस आणलीय व्हय मागं बांधून?"

हनुमंतानं दात आवळले. पाय दाबणार, तेवढ्यात डोळ्यापुढं चावी आली, मग मेथीचा वाफा. पाय जागेवरच ऱ्हायला.

आन् काय गंमत! टोलच्या रांगेत बघतो, तर लालबुंद ट्रक दोनच गाड्या पुढं उभा. हनुमंतानं खिडकीतनं तोंड काढलं. "पाव्हणं, म्हैस पोचली बरं का!"

अख्ख्या खेपंत येळ गेला तो तासभरच जास्त.

माघारी पंपावर आला, तर निम्मं भोंगवली तिथं हजर. मंगलताई, फुलाबाई, चाचा, सगळे. पंपवाल्यानं नळी घातली. पन्नास... साठ... सत्तर. चौऱ्याहत्तर... शहात्तर... हनुमंतानं डोळेच मिटले. टाकी गळ्याला आली आन् नळी टक्कन थांबली.

"सत्त्याहत्तर!" मंगलताई वरडल्या.

चाचांपरीस एक लिटर कमी! असा काय जल्लोष झाला, की हायवेवरच्या एसट्या थांबून बघाय लागल्या! चाचांनी केबिनीतनं चावी काढून हनुमंताच्या तळहातावर ठिवली आन् मूठ मिटवली. "हरलो बेटा. असं हरायला लई बरं वाटतंय."

हनुमंत त्यांच्या पाया पडला. "चाचा, तुमाला बैलगाडी म्हणलो..."

"बैलगाडीच हाय रं. ती कवा मेथीत पडत न्हाई!"

त्या दिसापास्नं ट्रकच्या आरशापाशी लिंबू-मिरचीशेजारी टीचभर इरलं लटकतंय. कुणी इचारलं की हनुमंत सगळी गोष्ट सांगतो, मेथीसकट.

तर मंडळी, ट्रक असो, टेम्पो असो, न्हाईतर तुमची फटफटी. लवकर पोचायच्या नादात आपण वाऱ्याशी कुस्ती खेळतो, तेल जाळतो, धूर सोडतो आन् पुढच्या रांगेत उभं ऱ्हातो. हे तेल फुकाट जाळायला आपल्या एकट्याचं न्हाई, आन् हवा तर सगळ्यांची हाय. पाय हलका ठिवा. पोचाल, अन् धडपणी पोचाल!

आन् वाचलेलं एकोणीस लिटर? पंपावरच फुलाबाईंनी पदर खोचला आन् केबिनकडं निघाल्या.

"कुठं गं आये?"

"मार्गासनीला, माहेरी! सात वर्सं वाऱ्याला फिरवलंस, आता आईला फिरव. आन् हळू चालव रं, समद्या गावाला दिसाय पायजे मी!"