काशीची कोयती

मी भाट्ये गावच्या काशीची कोयती. माझं पातं तेव्हा वीतभर, मूठ शिवणीच्या लाकडाची. ट्रकच्या मोडक्या पाट्यातून लोहारानं मला घडवलं आणि काशीच्या हाती देताना एवढंच म्हणाला, "हिला रोज दगड दाखवत जा."

काशीनं ते मनावर घेतलं. नवरा मुंबईला गोदीत. इथं ती एकटी माडाच्या झावळ्या चिरून छपरांसाठी झापं विणायची. रोज सकाळी मला दगडावर पाजवायची, अंगठा हलकेच फिरवून बघायची आणि कमरेच्या लाकडी आकडीत अडकवायची.

'धार' हा शब्द मी तिच्याच घरी शिकले. चरवीत वाजते ती म्हशीची धार. पन्हळीतून पडते तीही धार. माझी तर धारच. पण शेजारणी "काशीच्या जिभेला भारी धार गो!" म्हणायच्या, तेव्हा मला राग यायचा. ती खरं बोलायची आणि तोंडावर बोलायची, एवढंच.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. किनाऱ्यावर रापण लागली होती. समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं माणसं दोन्ही टोकांनी दोर धरून ओढत होती. आत बांगडा खच्चून भरलेला. रापणीचा म्होरक्या महिपत तांडेल खुशीत होता.

एकाएकी खाडीच्या तोंडाकडून पाण्याला ओढ आली. दोर हातांतून सुटला, सर्रकन मागे पळाला आणि त्याचा फास तरण्या दादूच्या घोट्याला बसला. बघता बघता दादू लाटेत ओढला गेला. माणसांनी दोर धरला, पण तो आवरेना.

किनाऱ्यालगत चिरत असलेल्या झावळ्या टाकून काशी पाण्यात शिरली. आधी कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं.

"काशे, दोर तोडू नको! जाळं जाईल!" महिपत ओरडला. साऱ्या वाडीची मासळी त्या जाळ्यात होती.

"जाऊ दे मेलं!" म्हणत तिनं दादूच्या पायापलीकडे दोर पकडला आणि मला चालवलं. ओला, ताणलेला, अंगठ्याएवढा जाड दोर!

दादूला वाळूवर आणून पालथं घातलं. पाणी ओकून तो लहान मुलासारखा रडू लागला. जाळं लांब गेलं होतं. महिपतनं दोराचं तुटकं टोक उचलून निरखलं.

"एकाच घावात?"

"दुसऱ्याला वेळ कुठं होता, तांडेल?"

महिपतनं हात जोडले. पुढच्या रापणीला त्यानं काशीलाच दोराशी उभं केलं. "ती सोडा म्हणाली की सोडायचं," त्यानं सगळ्यांना बजावलं. तिचा आवाज लाटांवरून पार पलीकडच्या टोकाला पोचायचा, आणि गडी मुकाट ऐकायचे.

आता पाजवून पाजवून माझं पातं बोटभर उरलंय. झावळ्यांना नवी कोयती आली. मी सुरण नि काथ्यापुरती. दादूची लेक हल्ली काशीच्या अंगणात दुडदुडते. ती धावत आली की काशी हातातलं काम टाकते आणि आधी मला उंच खिळ्याला लावते.

तेवढं मात्र विसरू नको, काशे. मला धार आहे अजून.