थंडीत फुगलेलं कवच

बाईंनी आम्लता मोजायच्या मीटरची कांडी पुसली, पुन्हा बाटलीतल्या द्रावणात बुडवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. साडेसात. बाहेर टेबलावर याच बाटलीनं सात दाखवला होता. थंड खोलीतला मीटर नीट चालतो का, एवढंच बघायला त्या आत आल्या होत्या. मीटर धडधाकट होता. बोटं गारठली होती, पण कानशिलं तापली होती.

वर्षभर त्या सांगत होत्या, की या विषाणूचं कवच थंडीनं फुगतं. कवच म्हणजे प्रथिनाचे एकसारखे तुकडे एकमेकांना बिलगून झालेला पोकळ गोळा. द्रावणाची आम्लता घटली की तुकड्यांच्या जोडांवर सारखाच ऋण भार चढतो, आणि एका खोलीत कोंडलेल्या भाऊबंदांसारखे ते एकमेकांना ढकलू लागतात. कवच फाटत नाही, फुगतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचा शोध असा, की आम्लता तीच ठेवली तरी नुसत्या थंडीनंही ते फुगतं. पण आम्लता तीच नव्हती. हे द्रावण गार झालं की त्याची आम्लता आपोआप घटते, मीटरचा आकडा चढतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे त्याच शिकवत. स्वतः मात्र द्रावणाची आम्लता उबदार टेबलावर जुळवून ते थंड खोलीत नेत राहिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खटकलं होतं ते प्रयोगशाळेतल्या एकाच माणसाला. वय चाळीसच, पण कुठलाही आकडा दोनदा पाहिल्याशिवाय मानायचा नाही, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणत. त्याच्या प्रयोगात कवच थंडीत काही केल्या फुगत नव्हतं. भर बैठकीत तो तसं म्हणाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेबही हसले, आणि महिन्याभरात त्याची रवानगी संशोधनातून अध्यापन विभागात ठरली. आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता.

बाटली हातात घेऊनच बाई त्याच्या खोलीत गेल्या. तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मीच येणार होतो. बाई, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"काल शेवटचं म्हणून पुन्हा करून पाहिलं. या वेळी तुमच्याच बाटलीतलं द्रावण घेतलं. फुगलं की हो कवच. चांगलं टम्म." तो ओशाळं हसला. "म्हणजे खोट माझ्याच हातात. सकाळी साहेबांना तसं सांगून आलो. बायको कधीची तुमच्या नावानं खडे फोडत होती, तिलाही म्हटलं, आता पुरे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. आत्ता गप्प बसलं, तर हे कुणाला कधी कळणारही नव्हतं. शोध राहिला असता, नाव राहिलं असतं. क्षणभर त्यांना ते हवंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज चूक झाल्याच्या लाजेहून जास्त बोचली.

"राग नाही ना मनात?" तात्यानं विचारलं.

"तू तुझं द्रावण कुठे जुळवतोस, तात्या?"

"थंड खोलीत. पहिल्यापासून."

"मी टेबलावर जुळवते," बाई म्हणाल्या. "आणि मग आत नेते."

तात्याचे हात खोक्यातच थांबले. त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याचा चेहरा खुलेल असं त्यांना वाटलं होतं, तो उतरला. बाहेरच्या टेबलांवर माणसं कामं करत होती. तात्या उठला, बाईंच्या बाजूनं पुढे गेला आणि आवाज न करता दार लावून त्यानं कडी घातली.

"बसा, बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपण दोघं काहीतरी मार्ग काढू. साहेबांना मी सांभाळून सांगतो."

"दार उघड."

"लोक आहेत बाहेर."

"माहीत आहे. तुला बोलले, तेव्हाही होते."

तात्या जागचा हलला नाही. मग बाईंनीच कडी काढली.